पंधरावा वाढदिवस आणि कामाचा पहिला दिवस

पत्र

नमस्कार ताई,

आम्ही कॅनडात, ब्रॅम्प्टनला राहतो. आमच्या मराठी मंडळाला यंदा लहान मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी 'कॅनडा समर जॉब्स' या सरकारी उन्हाळी रोजगार योजनेतून तीन जागा मंजूर झाल्यात. काम २९ जून ते २१ ऑगस्ट. आमच्या घरातल्या तिघांना त्यात रस आहे आणि तिघांना तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली आहेत.

माझा मुलगा १४ जुलै २०११ चा, म्हणजे आता पंधरावं चालू आहे. मंडळातले एक काका म्हणतात, जन्मवर्ष धरतात, काळजी नको. दुसरे म्हणतात, २९ जूनपासून त्याला विनापगारी बसवू आणि १४ जुलैला कागदावर घेऊ. न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहणारी माझी बहीण सांगते की तिच्या मुलीला चौदाव्या वर्षीच असं काम मिळालं होतं. माझे धाकटे दीर फेब्रुवारीत पीआर (कायम रहिवासाची परवानगी) घेऊन आले. ९ जुलैला त्यांना एकतीस पूर्ण होतील. ते विद्यार्थी नाहीत म्हणून त्यांना परस्पर नाही सांगितलं. माझी भाची नाशिकची, एकवीस वर्षांची, इथे कॉलेजात शिकते. तिला मात्र सगळे म्हणतात, तुझं तर नक्कीच! नियम नेमका काय आहे? मुलगा रोज विचारतो आणि मला त्याला खोटी आशा दाखवायची नाही.

– एक आई, ब्रॅम्प्टन


उत्तर

ताई, तिघांनाही मिळालेली उत्तरं चुकीची आहेत. ज्यांना 'नाही' म्हटलं ते दीर नियमात बसतात. जिला 'नक्की' म्हटलं ती भाची बसत नाही. आणि मुलाचं उत्तर मंडळ शिबिराच्या तारखा किती हलवू शकतं यावर आहे.

आधी नियम. या योजनेत काम करणाऱ्याचं वय किमान १५ आणि जास्तीत जास्त ३० हवं, आणि ते मोजायचं नोकरी सुरू होते त्या दिवशी. अर्ज केला त्या दिवशी नाही, मंडळाला जागा मंजूर झाल्या त्या दिवशी नाही, आणि एक जानेवारी किंवा एकतीस डिसेंबरलाही नाही. आपल्या लोकांचा घोटाळा इथेच होतो, कारण आपण एका ठरलेल्या तारखेला वय मोजायच्या सवयीत वाढलो आहोत. यूपीएससीला परीक्षेच्या वर्षाचा १ ऑगस्ट धरतात, मग मुलगा मुंबईचा असो की गडचिरोलीचा. या योजनेत तशी सगळ्यांना एकच तारीख नाही. ज्याचा कामाचा पहिला दिवस जो, तीच त्याची तारीख. म्हणून एकाच शिबिरात, एकाच कामावर, दोन मुलांचं वय दोन वेगळ्या दिवशी मोजलं जाऊ शकतं.

पंधरा म्हणजे पंधरा पूर्ण. 'पंधरावं चालू' असून भागत नाही. वरच्या टोकाला याच हिशेबाचा फायदा होतो. तीस पूर्ण होऊन एकतिसावं चालू असलेला माणूस अजून तीसचाच धरला जातो.

तुमच्या दिरांपासून सुरू करते, कारण त्यांच्याकडे वेळ सगळ्यात कमी आहे आणि त्यांच्यावर अन्यायही झाला आहे. २९ जूनला ते तीस वर्षांचे असतील. ९ जुलैला एकतीस पूर्ण झाले तरी काही बिघडत नाही, काम शेवटपर्यंत करता येतं, कारण वय फक्त पहिल्या दिवशी बघतात. पण त्यांची रुजू होण्याची तारीख काही कारणाने दहा दिवस पुढे गेली तर दार बंद होईल, आणि या योजनेत ते कायमचंच बंद होईल. विद्यार्थी असण्याची अट पूर्वी खरोखर होती. २०१९ पासून ती काढली. मंडळातल्या ज्यांनी त्याआधी कधी या योजनेतून मुलं घेतली असतील त्यांच्या डोक्यात जुना नियम राहिला असणार. त्यांनी मुद्दाम अडवलं असं मला वाटत नाही. पण दिरांनी गप्प बसू नये. नवीन देशात येऊन चार महिने झालेल्या माणसाला इथल्या संस्थेचं कामाचं पत्र आणि ओळख सांगायला एक माणूस मिळणं किती मोलाचं असतं हे तुम्ही घरात बघतच असाल. तिशीच्या माणसाने पोरांच्या शिबिरात काम करायचं का, असा संकोच त्यांच्या मनात असेल तर तो तुम्ही दूर करा. ही योजना त्यांच्यासाठीही आहे.

आता भाची. तिच्याबद्दल लिहिताना मला वाईट वाटतं, कारण तिला सगळ्यांनी एकवीस हा आकडा बघून हो म्हटलं आणि दुसरी अट कुणी बघितलीच नाही. या योजनेत काम करणारी व्यक्ती कॅनडाची नागरिक, कायम रहिवासी म्हणजे पीआर असलेली, किंवा निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेली असावी लागते. शिक्षणासाठी तात्पुरत्या परवान्यावर आलेले परदेशी विद्यार्थी यात बसत नाहीत, वय काहीही असो, गुण कितीही असोत. तिच्या सोशल इन्शुरन्स नंबरचा, म्हणजे इथे नोकरीसाठी लागणाऱ्या सरकारी नंबरचा, पहिला अंक बघा, तो ९ असेल. तात्पुरत्या रहिवाशांना ९ ने सुरू होणारा नंबर देतात. तो नंबर मंजूर जागेच्या कागदावर गेला की हरकत निघणार आणि तिच्या पगारापोटी मंडळाला मिळणारे पैसे अडकणार. नफा न कमावणाऱ्या संस्थेला या योजनेत प्रांताच्या किमान वेतनाच्या १०० टक्क्यांपर्यंत परतावा मिळतो, सरकारी आणि छोट्या खासगी मालकांना ५० टक्क्यांपर्यंत. म्हणजे मंडळाचा जवळजवळ सगळा हिशेब त्या परताव्यावर उभा असणार.

पण तिला काम करताच येत नाही, असा अर्थ यातून कुणी काढू नये. पूर्णवेळ शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या परवान्यावर काम करण्याची मुभा लिहिलेली असेल तर सत्र चालू असताना आठवड्याला २४ तास आणि कॉलेजच्या ठरलेल्या सुट्टीत हवे तितके तास कॅम्पसबाहेर काम करता येतं. ही २४ तासांची मर्यादा नोव्हेंबर २०२४ पासूनची आहे, त्याआधी वीस होते. सुट्टीची मुभा तेव्हाच, जेव्हा सुट्टीच्या आधी ती पूर्णवेळ विद्यार्थी होती आणि सुट्टीनंतर पुन्हा पूर्णवेळ शिकणार आहे. तिचं सप्टेंबरमधलं सत्र ठरलेलं असेल, फी भरलेली असेल, तर ती उन्हाळ्यात दुकानात, कार्यालयात, कुठेही साधी नोकरी करू शकते. मंडळाने स्वतःच्या वर्गणीतून पगार द्यायचं ठरवलं तर शिबिरातही करू शकते. फक्त त्या तीन मंजूर जागांपैकी एकीवर तिला बसवता येणार नाही. हे तिला तुम्ही आजच सांगा. 'नक्की' या शब्दाच्या भरवशावर तिने दुसरीकडे अर्ज करायचं थांबवलं असेल, तर तिचं नुकसान रोज वाढतं आहे.

आणि आता तुमचा मुलगा. इथे मी जरा थांबून लिहिते.

जन्मवर्षाची गोष्ट काकांनी हवेतून आणली नाही. तुमच्या ऑन्टारिओ प्रांतात शाळेची इयत्ता कॅलेंडर वर्षानेच ठरते. जानेवारी २०११ चा मुलगा आणि डिसेंबर २०११ चा मुलगा एकाच वर्गात बसतात. त्यामुळे नववी संपवून उन्हाळ्यात बाहेर पडलेल्या एकाच वर्गातल्या मुलांपैकी अर्ध्यांना पंधरा पूर्ण असतात आणि अर्ध्यांना नसतात. शेजारच्या बाकावरचा मुलगा कामाला जातो आणि आपल्याला नाही म्हणतात, हे चौदा वर्षांच्या पोराला पटणं कठीण आहे. मलाही हे फार न्याय्य वाटत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांची यात दर वर्षी कोंडी होते. पण नियम शाळेच्या इयत्तेवर नाही, जन्मतारखेवर आहे.

बहिणीचं म्हणणं खरं आहे, पण ते न्यूयॉर्कचं. तिथल्या शहराची उन्हाळी रोजगार योजना १९६३ पासून चालू आहे आणि तिथे १४ ते २४ वयाची मुलं घेतात. ती योजना वेगळी, देश वेगळा. तुमच्याच प्रांतात बघा ना: ऑन्टारिओ सरकारच्या स्वतःच्या खात्यांतल्या उन्हाळी नोकऱ्यांना १५ ते २४ ही मर्यादा आहे, अपंग व्यक्तींना २९ पर्यंत. स्वतःचा छोटा धंदा सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांना 'समर कंपनी' या योजनेत ३,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळतं, तिथे १५ ते २९. व्हॉट्सअॅपवर हे सगळे आकडे योजनेच्या नावाशिवाय फिरतात आणि मग घराघरांत वाद होतात.

आता तारखांचा हिशेब करू. कॅलेंडर समोर घ्या. १४ जुलै यंदा मंगळवार आहे. त्या दिवशी त्याला पंधरा पूर्ण, म्हणजे त्या दिवसापासून तो रुजू होऊ शकतो. पण या योजनेत नोकरी किमान सहा आठवड्यांची, आठवड्याला ३० ते ४० तासांची असावी लागते, आणि ऑगस्टअखेर संपावी लागते. १४ जुलैपासून सहा आठवडे मोजले तर सोमवार, २४ ऑगस्ट येतो. तुमचं शिबिर शुक्रवारी, २१ ऑगस्टला संपतं. म्हणजे मुलगा वयात बसला तरी आठवड्यांत बसत नाही, आणि तेही एका कामाच्या दिवसाने! हे मंडळात कुणी अजून मोजलेलं दिसत नाही.

उपाय आहे, आणि तो सरळ आहे. शिबिर संपलं म्हणून काम संपत नाही. सामान मोजून परत ठेवायचं असतं, पालकांचे अभिप्राय गोळा करायचे असतात, फोटो लावायचे, भाड्याने घेतलेली खोली आवरून द्यायची. या कामांसाठी मंडळाने तीनपैकी एक जागा १४ जुलै ते २८ ऑगस्ट अशी केली तर सहा आठवडे भरून वर चार दिवस उरतात. मात्र करारात लिहिलेल्या तारखा मंडळाला मनाने बदलता येत नाहीत. ही योजना चालवणाऱ्या सर्व्हिस कॅनडा या सरकारी यंत्रणेला कळवून, त्यांची संमती घेऊनच बदलायच्या. उशिरात उशिरा कधी रुजू व्हायचं, तीही तारीख योजनेत ठरवून दिलेली असते, ती मंडळाने स्वतःच्या करारात बघून घ्यावी. मान्यता आली तर काम पक्कं, नाही आली तर यंदा नाही. मुलाला हे असंच सांगा, दोन्ही बाजू सांगून. तो ऐकेल.

विनापगारी बसवून नंतर कागदावर घ्यायचा जो सल्ला मिळाला आहे तो मात्र मानू नका. २९ जूनपासून तो तीच मुलं सांभाळणार, त्याच वेळेत येणार, तेच काम करणार, तर त्याची नोकरी २९ जूनलाच सुरू झाली. कागदावर कोणतीही तारीख घातली तरी. शिवाय पंधरा दिवस त्याच्याकडून फुकट काम करून घेतलं जाईल ते वेगळंच. कुणी म्हणेल की शाळेला लागणाऱ्या चाळीस तासांच्या समाजसेवेत ते धरू. तेही बसत नाही. ऑन्टारिओत बारावी उत्तीर्ण व्हायला ४० तास सेवा लागते, पण जे काम एरवी पगार देऊन करून घेतात ते त्या तासांत धरत नाहीत.

इथे मनातलं एक बोलते. आपल्याकडे आजोबांच्या पिढीत कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकली. त्या काळी जन्माची नोंदच नसायची, त्यात कुणाचा दोष नव्हता. तुमच्या मुलाकडे जन्मदाखला आहे, त्यावर तारीख छापलेली आहे. त्याच्या आयुष्यातल्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या कागदावर मोठ्या माणसांनी मिळून खोटी तारीख लिहिली, हे तो लक्षात ठेवेल. मंडळातल्या काकांना त्याच्यासाठी काहीतरी करायचं आहे, हे मला दिसतं. त्यांना म्हणावं, तारीख बदलून घ्यायचा अर्ज लिहायला मदत करा.

१४ जुलैपर्यंत तो रिकामा बसायला नको. ते चाळीस तास नववीच्या आधीच्या उन्हाळ्यापासून भरता येतात, म्हणजे त्याला ते आताही भरता येतील. वाचनालयात लहान मुलांना वाचून दाखवणं, शहराच्या शिबिरात प्रशिक्षणार्थी मदतनीस म्हणून जाणं, अशी कामं शाळेच्या यादीत बसतात का ते आधी विचारून घ्या आणि फॉर्मवर सही त्याच दिवशी घ्या. नंतर सही करणारा माणूस सापडत नाही. पैसेच हवे असतील तर सरकारी योजनेबाहेरचं साधं काम ऑन्टारिओत चौदाव्या वर्षीही कायदेशीर आहे: दुकान, कार्यालय, हॉटेलात गिऱ्हाइकांना वाढण्याचं काम. हॉटेलच्या स्वयंपाकघरात आणि गोदामात मात्र १५ लागतात. ओळखीतल्या कुणाच्या रेस्टॉरंटमध्ये 'भांडी घासायला ये' असं कुणी प्रेमाने म्हटलं तरी पंधरा होईपर्यंत नको. अठराच्या आतल्या शाळकरी मुलांना ऑन्टारिओत किमान वेतनही थोडं कमी आहे: ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १६.६० डॉलर, मोठ्यांना १७.६०. कमी का दिले म्हणून तो मालकाशी भांडण्याआधी त्याला हे माहीत असू द्या.

त्याचा सोशल इन्शुरन्स नंबर काढला नसेल तर या आठवड्यात काढा. तो नसेल तर कोणतीच जागा मिळणार नाही. बारा वर्षांवरच्या मुलाला स्वतः अर्ज करता येतो, तेव्हा त्यालाच पुढे करा, तुम्ही मागे उभ्या राहा. पैसे पडत नाहीत. मूळ जन्मदाखला किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र न्यायचं, प्रत चालत नाही. पहिली पगाराची चिठ्ठी आली की त्याच्या शेजारी बसून ती वाचा. त्यात रोजगार विम्याची कपात दिसेल, पण पेन्शनची दिसणार नाही, कारण कॅनडा पेन्शन प्लॅनची वर्गणी अठरा पूर्ण झाल्यावर सुरू होते. हे त्याला तुम्ही समजावून सांगितलेलं बरं.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण विचारायला हवी. तुमच्या घरातलं कुणी मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे का? असेल तर मुलगा आणि दीर दोघांच्या बाबतीत अडचण येऊ शकते. संचालकांच्या जवळच्या नातेवाइकांना वशिल्याने घेऊ नये असं बंधन अशा सरकारी करारात असतं. तसं असेल तर ते लपवू नका. जागा जॉब बँक या सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर जाहीर झालेली असावी, इतरांचेही अर्ज बघितलेले असावेत, निवड करताना तुमच्या घरचा माणूस खोलीबाहेर असावा, आणि सर्व्हिस कॅनडाला नातं आधीच कळवलेलं असावं. आणि घरातल्या दोघांना तीनपैकी दोन जागा मिळाल्या तर मंडळातल्या बाकीच्या आया काय म्हणतील, याचाही विचार करा. त्यांचीही मुलं पंधरा-सोळाची असतील. मला विचाराल तर दिरांचा अर्ज आधी जाऊ दे. मुलाला पुढचा उन्हाळा आहे, तेव्हा तो शिबिराच्या पहिल्या दिवसापासून पात्र असेल. दिरांना पुढच्या वर्षी या योजनेत काहीच नाही.

तारखा बदलायचा अर्ज मंडळाने जितका लवकर पाठवावा तितका बरा. म्हणून हे उत्तर छापून येईपर्यंत न थांबता तुम्हाला आधीच मेलने पाठवलं आहे. ते कार्यकारिणीला दाखवायला माझी हरकत नाही. तुमचं नाव त्यात कुठेही नाही.